नऊ इंच

सदाशिव पेठ, पुणे
९ फेब्रुवारी १९७७

चि. कुसुमला आशीर्वाद. किती ते विचारू नकोस, पोस्टकार्डाऐवजी पाकीट वापरलंय यावरून ओळख.

रविवारी तुझे यज्ञेश्वरराव सासवडहून आले आणि बिबवेवाडीच्या प्लॉटवर आपल्या दोन्ही घरांची आखणी करून गेले. चार तास उन्हात टेप धरून होते. चहासुद्धा उभ्यानं प्यायले. मोजणी खात्यातल्या माणसाला दुसऱ्या कुणाचं माप पटत नाही, हे मला आता पुराव्यानिशी कळलं. साठ फुटांचा प्लॉट, मधे आपली सामाईक भिंत, तीस फूट तुझे आणि तीस माझे. चुन्याच्या फक्कीच्या रेघा इतक्या सरळ पडल्या की आपला गवंडी सोनबा त्यांना म्हणाला, "सायब, आमाला बी कायतरी काम ठिवा की."

एकच घाण झाली आहे. माझ्या दाराच्या नाकासमोर विजेचा खांब येतोय. काल गुरुजींना नेऊन दाखवलं. त्यांनी लांबूनच मान हलवली. म्हणाले, दाराला वेध आहे, घरातल्या कर्त्या पुरुषाला हे चांगलं नाही. आता दार सरकवावं तर जिना आडवा येतो, आणि जिना सामाईक भिंतीला टेकलेला. म्हणजे भिंतच सरकायला हवी. नऊ इंच, तुझ्या बाजूला. तेवढ्यानं खांब चौकटीबाहेर जातो.

यज्ञेश्वररावांना सांगायची सोय नाही, ते हसतील. आमच्या ह्यांना सांगायची तर मुळीच नाही. दुसऱ्याची जागा एक इंचही नको, खांब राहू दे, असं म्हणून मोकळे होतील आणि वर मलाच चार शब्द ऐकवतील. पुढच्या शुक्रवारी पाया खणायला घेतायत. आदल्या संध्याकाळी सोनबा खुंट्या सरकवून नवी फक्की मारील. तुला फक्त हो म्हणायचं आहे. उलट टपाली म्हण.

तुझी,
ताई


सासवड
१२ फेब्रुवारी १९७७

ती. ताईस नमस्कार.

अगं, एवढं काय विचारतेस? भावजींच्या जिवाशी खेळ करून मला नऊ इंच कशाला हवेत? सरकव खुशाल. ह्यांना मी काही बोलणार नाही. त्यांनी स्वतः आखलंय म्हटल्यावर ते पुन्हा मोजायचे नाहीत. स्वतःचं माप पुन्हा तपासायचं म्हणजे त्यांना स्वतःचा अपमान वाटतो. आमची खोली थोडी अरुंद झाली तर झाली. मी तिथे पलंग आडवा टाकीन.

स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी बसवून घ्यायला सोनबाला सांग.

तुझी,
कुसुम


सदाशिव पेठ, पुणे
२१ नोव्हेंबर १९७७

कुसुम,

आशीर्वाद द्यायचं आज मनात नाही.

तेरा तारखेच्या रविवारी काय झालं ते यज्ञेश्वररावांनी त्यांच्या सोयीनं सांगितलं असेल. आता माझ्याकडून ऐक. सासवडच्या सुताराकडून करून आणलेलं कपाट त्यांनी तुमच्या खोलीत सरकवायला घेतलं. ते बसेना. त्यांनी टेप काढली. कुंपणापासून भिंतीपर्यंत एकोणतीस फूट तीन इंच. पुन्हा मोजलं, तेवढंच. मग ते आमच्या बाजूला आले आणि मजुरांसमोर ह्यांना म्हणाले, "श्रीनिवास, माझे नऊ इंच चोरलेस."

ह्यांना काही ठाऊकच नव्हतं, ते तुला आणि मला ठाऊक आहे. तेही चिडले. म्हणाले, "चोर कुणाला म्हणतोस? तुझी सरकारी टेप ताणून ताणून लांबली असेल." बस्स, एवढंच. यज्ञेश्वररावांच्या हातात भिंत तपासायला घेतलेला ओळंबा होता. तो त्यांनी दोरीसकट फिरवला. लोखंडाचा लोळा ह्यांच्या डाव्या डोळ्यावर बसला. गुरुवारी डॉक्टरांनी तो डोळा काढला.

फिर्याद झाली आहे. मी साक्ष देणार. जे पाहिलं ते सांगणार. खुंट्यांबद्दल कोर्टात कुणी विचारणार नाही, आणि विचारल्याशिवाय मी बोलत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. सोनबाला मी वारज्याला दुसऱ्या एका बांधकामावर लावून दिलंय. जाताना मला म्हणाला, "बाई, म्या खुंटी हलिवली, पर सांगितलं कुनी?" मी त्याला म्हटलं, कुणी नाही.

तू काही बोलली आहेस का, एवढंच कळव.

ताई


सासवड
४ जानेवारी १९७८

ती. ताईस,

बोलले नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा हे घरातच होते. त्यांना निलंबित केलं आहे, आता दिवसभर घरातच असतात. पत्र मी पिठाच्या डब्यात लपवलं. भावजींच्या डोळ्याचं ऐकून मला दोन दिवस अन्न गेलं नाही. तुझ्यासमोर यायचं धाडस नाही, म्हणून लिहिते.

मी दोनदा तोंड उघडलं होतं. पहिल्यांदा हे म्हणाले, "कुसुम, एक गोष्ट मला कळत नाही. श्रीनिवास चोर नाही. मग भिंत हलली कशी?" माझ्या ओठांवर आलं होतं ताई. पण मग मनात आलं, आता सांगितलं तर हे मला विचारतील की तू मला त्या रविवारी प्लॉटवर जाऊ कसं दिलंस. कपाट बसणार नाही हे मला माहीत होतं. कपाटाचं माप सुताराला त्यांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. मी भाजी चिरत होते, आणि गप्प बसले. म्हटलं, बघू तेव्हाचं तेव्हा.

दुसऱ्या वेळी त्यांनीच मला थांबवलं. म्हणाले, "जाऊ दे. माप बरोबर आहे, एवढं मला पुरे."

ह्या माणसाला मारामारीचा पश्चात्ताप आहे, रात्रंदिवस आहे. पण त्या मापावर तो उभा आहे. ते काढून घेतलं तर त्याच्याजवळ काही उरणार नाही.

कुसुम


सासवड
२९ मार्च १९८०

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

दोन वर्षांनी लिहिते आहे. निकाल तू कोर्टात बसून ऐकलास. तुझी साक्ष उत्तम झाली, असं आमचे वकील माधवरावसुद्धा म्हणाले. एक वर्ष सक्तमजुरी. सध्या शिक्षा थांबवून जामीन दिला आहे आणि सेशन कोर्टात अपील दाखल झालं आहे.

माधवराव स्पष्ट म्हणाले की अपिलात दम नाही. ओळंबा फिरवलेला दहा जणांनी पाहिलाय. भिंत नऊ इंच हलली असो की नऊ फूट, त्यानं डोळा काढायचा हक्क मिळत नाही. अपील फेटाळलं की येरवडा, आणि नोकरी कायमची गेली. वीस वर्षांची नोकरी, पेन्शन, सगळं.

एकच वाट आहे. जखमी माणसानं तडजोडीला मान्यता दिली आणि कोर्टानं परवानगी दिली, तर आरोपी निर्दोष सुटतो, आणि मग खात्याला त्यांना परत घ्यावं लागतं. म्हणजे भावजींची एक सही. ताई, मी पदर पसरते. तू सांगितलंस तर ते करतील.

कुसुम


बिबवेवाडी, पुणे
१८ एप्रिल १९८०

कुसुम,

पदर आवर. पत्रातून पसरलेला पदर मला दिसत नाही.

आम्ही इथे राहायला आलो त्याला आता दीड वर्ष होईल. तुमच्या बाजूला खिडक्या नाहीत, दारं नाहीत, वरून कबुतरं येतात. हे रोज सकाळी उजव्या डोळ्यानं पेपर वाचतात. मान वाकडी करावी लागते. त्या मानेकडे बघत मी चहा पिते.

सहीचं मी ह्यांच्याशी बोलले. ते तयार आहेत, पण अट आहे. यज्ञेश्वररावांनी कोर्टात लिहून द्यायचं की माझं माप चुकलं होतं, भिंत जागच्या जागी होती, श्रीनिवासरावांवर मी खोटा आळ घेतला. स्वतःच्या हातानं आणि स्वतःच्या सहीनं. तसं दिलं तर सही मिळेल.

डोळ्याच्या बदल्यात नऊ इंच मागतोय. फार नाही.

ताई


सासवड
२ मे १९८०

ताई,

तू काय मागते आहेस ते तुला कळतंय. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं.

मी त्यांना अट सांगितली. ते मला म्हणाले, "माफी मागतो, पाया पडतो, पण खोटं माप लिहून देणार नाही. त्यापेक्षा येरवड्याला जातो." माधवराव तासभर समजावत होते. हे भिंतीकडे बघत बसले.

तू एक ओळ लिहिलीस तर सगळं मिटेल. खुंट्या मी हलवल्या, एवढंच. मी तुझ्याबरोबर उभी राहीन. मीही हो म्हटलं होतं, हे सांगीन.

कुसुम


बिबवेवाडी, पुणे
९ मे १९८०

कुसुम,

छान. म्हणजे माझ्या नवऱ्याला मी सांगू की तुमचा डोळा माझ्या दाराच्या वेधापायी गेला? आणि मग रोज सकाळी त्यांना चहा द्यायला मी जाऊ?

तू आधी सांग तुझ्या नवऱ्याला. कपाटाचं माप ऐकून भाजी चिरत बसलेली बायको बघून ते काय म्हणतात ते मला कळव. मग मी विचार करीन.

नाही ना सांगवत? मग त्यांना चुकायला लाव. तुझाच नवरा आहे, तुला जमेल.

ताई


सासवड
३० नोव्हेंबर १९८०

ताई,

जमलं.

सहा महिने लागले. आधी मी लहान लहान गोष्टींपासून सुरुवात केली. पडद्याचं कापड त्यांनी मोजून सांगितलं की मी दुकानातून कमी आणायची आणि म्हणायची, अहो, तुम्हीच एवढं सांगितलंत. घड्याळ पाच मिनिटं पुढे करायची आणि त्यांना एस.टी. चुकल्यासारखं वाटायचं. मला वाटलं होतं ते चिडतील. ते चिडले नाहीत. गोंधळून माझ्याकडे बघायचे आणि पुन्हा मोजायचे.

मग मी त्यांना पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. चष्म्याचा नंबर वाढला होता. पन्नाशीकडे आलेल्या माणसाचा वाढतोच. घरी येताना बसमध्ये मी म्हटलं, "डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, हा नंबर चार वर्षांपूर्वीच बदलायला हवा होता." डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते.

दिवे घाट लागला तसा त्यांनी चष्मा काढून हातात धरला. मग म्हणाले, "म्हणजे आखणी केली तेव्हाच." मी म्हटलं, "असेल." ते म्हणाले, "मग आखताना तरी खुंटी चुकली असेल, नाहीतर त्या कपाटाच्या दिवशी मोजताना तरी मीच चुकलो असेन." आणि खिडकीबाहेर बघून रडले. बसमध्ये सगळे बघत होते. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात माझाच होता, याचं मला अजून नवल वाटतं.

काल त्यांनी माफीपत्र लिहिलं. अक्षर अगदी सुंदर आलं आहे. तारीख पडली की आणतो.

कुसुम


सासवड
२४ फेब्रुवारी १९८१

ताई,

काल कोर्टात तू बाकावर माझ्या शेजारी बसली होतीस, आणि आपण एकमेकींशी एक अक्षर बोललो नाही, म्हणून आज लिहिते.

न्यायाधीशांनी भावजींना विचारलं, ही तडजोड तुम्ही राजीखुशीनं करताय का. ते म्हणाले, हो साहेब, साडूच आहे माझा, त्याला तुरुंगात घालून डोळा थोडाच परत येतो. परवानगी मिळाली. हे सुटले. मग बाहेर शिवाजीनगर कोर्टाच्या त्या पिंपळाखाली ह्यांनी भावजींचे पाय धरले. भावजींनी त्यांना उठवलं आणि म्हणाले, "अरे, मी केव्हाचा सही करतो म्हणत होतो. ते माफीपत्र कशाला लिहिलंस? मंदा म्हणाली तुलाच लिहायचंय म्हणून."

त्यांची मंदा, म्हणजे तू, तेव्हा रिक्षा बघायला पुढे गेली होतीस.

अट भावजींची नव्हतीच. ती तुझी होती. सही दहा महिन्यांपूर्वी तयार होती, आणि ते दहा महिने मी माझ्या नवऱ्याला वेडा ठरवण्यात घालवले. ताई, मला तुझा इतका राग आला आहे की पेन कागदात रुततंय, अक्षर बघ.

कुसुम


बिबवेवाडी, पुणे
५ मार्च १९८१

कुसुम,

अक्षर बघितलं. वाचता आलं.

हो, अट माझी. त्यांच्या हातचा कागद आता कोर्टात आहे आणि त्यावर शिक्का आहे. भिंत जागच्या जागी होती, हे आता खरं झालं. उद्या सोनबाला दारू चढली आणि तो काही बरळला, तरी त्याला कोण विचारतो? मी चार वर्षं झोपले नव्हते. आता झोपते.

पडद्याचं कापड मी कमी करायला सांगितलं नव्हतं. घड्याळही नाही. डॉक्टरांच्या नावावर बोलायचंही मी सुचवलं नव्हतं. ती अक्कल तुझी. माझ्यावर रागव, पण माझ्या वाट्याचंच रागव.

यज्ञेश्वरराव कामावर कधी रुजू होतायत? पेढे पाठव.

ताई


सासवड
१७ ऑगस्ट १९८१

ती. ताईस नमस्कार.

पेढे पाठवले नाहीत, ते बरंच झालं.

हे जूनमध्ये रुजू झाले. साहेबांनी हार घातला. पहिले पंधरा दिवस कचेरीत बसून नकाशेच बघत होते. मग एका गावी दोन भावांच्या बांधाची मोजणी निघाली. दोन्ही भाऊ उभे, पंच उभे, तलाठी उभा. ह्यांनी एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं, सहा वेळा मोजलं. आकडा दर वेळी एकच येत होता, असं शिपाई मला सांगत होता. पण आकडा सांगायची वेळ आली की हे म्हणायचे, थांबा, पुन्हा एकदा. शेवटी त्या भावांपैकी थोरला म्हणाला, "सायब, तुमास्नी बरं नाय, घरी जावा."

दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. त्यात लिहिलं की ज्याला स्वतःच्या घराचे नऊ इंच कळले नाहीत त्यानं लोकांच्या जमिनी मोजणं हा गुन्हा आहे. साहेबांनी तीनदा समजावलं. मी पाया पडले. शुक्रवारी राजीनामा मंजूर झाला. पेन्शनीला बसायला अजून आठ वर्षं होती.

आपण जी नोकरी वाचवायला हे सगळं केलं, ती त्यामुळेच गेली.

आता तरी सांगू का गं? आता त्यांचं काय जाणार आहे? निदान ते बरोबर होते एवढं त्यांना कळेल. तुझं नाव घेणार नाही. सगळं माझ्यावर घेते. एकदा हो म्हण.

कुसुम


बिबवेवाडी, पुणे
२४ ऑगस्ट १९८१

चि. कुसुम,

मला विचारतेस याचा अर्थ तुला सांगायचं नाही. सांगायचं असतं तर तू विचारलं नसतंस. चार वर्षांपूर्वी मीही तुला विचारलं होतं, पण तेव्हा गरज होती.

सांगून काय होईल ते मी लिहिते. ते बरोबर होते हे त्यांना कळेल, हे खरं. मग लगेच त्यांना हेही कळेल की बायकोनं आधी गप्प बसून हातून पाप घडवलं, मग वेडं ठरवलं, मग खोटं लिहून घेतलं, आणि शेवटी नोकरी घालवली. आज ते स्वतःवर रुसले आहेत. स्वतःवर रुसलेला माणूस जेवायला घरी येतो. तुझ्यावर रुसलेला येणार नाही.

चूक त्यांच्याकडेच राहू दे. त्यांना ती सवयीची झाली आहे.

आम्ही शनिवारपासून आठ दिवस कोल्हापूरला लग्नाला जातोय. कबुतरांनी तुमच्या बाजूला फार घाण केली आहे. येऊन झाडून घेतलंत तर बरं.

ताई


सासवड
३ सप्टेंबर १९८१

ताई,

झाडून घेतलं.

रविवारी आम्ही दोघं आलो होतो. यायचं हेच म्हणाले. मी पायरीवर केरसुणी घेऊन उभी, तेवढ्यात त्यांनी पिशवीतून टेप काढली. म्हणाले, "एकदा शेवटचं बघतो. पण माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही. मी टोक धरतो, तू वाच."

ते कुंपणाच्या दगडापाशी उकिडवे बसले आणि टेपचं शून्य त्यावर दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरलं. मी टेप उलगडत भिंतीपर्यंत गेले, तुझ्या जिन्याच्या भिंतीपर्यंत. वाकले. एकोणतीस फूट तीन इंच. ना केसभर जास्त, ना कमी.

"किती?" त्यांनी तिकडून विचारलं.

त्यांचा चेहरा लांबून नीट दिसत नव्हता, पण मान वर केलेली दिसत होती. ताई, त्यांना आशा होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी खरं वाचलं असतं तर ते उठून उभे राहिले असते, आणि मग माझ्याकडे चालत आले असते, आणि मग त्यांनी विचारलं असतं.

"तीस," मी म्हटलं.

"नीट बघ."

"बघितलं. बरोबर तीस."

त्यांनी टोक सोडलं. टेप सरसरत माझ्या पायापाशी येऊन पडली. ते तिथेच बसून राहिले. मी जवळ गेले तेव्हा हळूच म्हणाले, "म्हणजे त्या दिवशीचं माप चुकलं, कपाटाचंही. श्रीनिवासाचा डोळा मी उगाच घेतला."

मी त्यांना हाताला धरून उठवलं. उरलेला केर काढला. साडेचारची बस मिळाली, बसायला जागाही मिळाली.

तुला विचारायचं आता काही राहिलं नाही, म्हणून हे शेवटचं पत्र.

कुसुम